मॉनिटरच्या पांढऱ्या हिरड्या

कोपरगावात मी खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीचंही विचारलं नाही. मी दारात उभी असतानाच त्यांनी अंगठ्याने माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, मान तिरकी करून आत बघितलं आणि म्हणाल्या, "रक्त नाही तुझ्या अंगात. चप्पल बाहेर काढ."

मला वाटलं, गेली खोली. पण बाई किल्ली घेऊन जिन्याकडे निघाल्याही होत्या. "वरची खोली तुझी. जिना चढताना दम लागला तर सांगायचं. लपवायचं नाही. लपवणाऱ्या मुली मला लांबून ओळखू येतात."

बाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने काटक, केस बारीक कापलेले, पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. यजमान साखर कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल बाई एकच वाक्य बोलत: "माणूस चांगला होता, हिमोग्लोबिन बेताचं होतं."

हे हिमोग्लोबिन म्हणजे बाईंचा जगाकडे बघायचा चष्मा होता. बँकेतला माणूस खेकसला की त्याचं रक्त कमी. नळाला पाणी उशिरा आलं की पाणी सोडणाऱ्याचं रक्त कमी. टीव्हीवर एखादी नटी रडायला लागली की बाई पडद्याजवळ जाऊन तिचे डोळे निरखत आणि म्हणत, "बघ, पांढरीफटक. ही दुःखाने नाही रडत." भाजी घेताना त्या आधी भाजीवालीची पापणी बघायच्या, मग मेथीची जुडी. गावातल्या चांगल्या पोक्त, ज्यांची पोरं कॉलेजात जातात अशा बायका समोरून बाई येताना दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे व्हायच्या. त्या सगळ्या बाईंच्या विद्यार्थिनी. प्रत्येकीने कधी ना कधी बाईंचा लाडू खाल्लेला.

लाडवाबद्दल सांगायलाच हवं. अळीव, खजूर, शेंगदाणे आणि गूळ असा तो लाडू. चवीला वाईट नव्हता, पण बाई तो इतका घट्ट वळायच्या की खाणाऱ्याचं लक्ष चवीकडे जायचंच नाही, सगळं दातांकडे राहायचं. मला तो रोज सकाळी मिळायचा, आणि संपेपर्यंत बाई समोर उभ्या असायच्या. मला बोलवायला त्या हाक मारत नसत, जिन्याखालून शिट्टी वाजवत. लांब शिट्टी म्हणजे पाणी आलं. आखूड म्हणजे चहा. मधेच थांबलेली शिट्टी म्हणजे बाईंना ठसका लागलाय.

घरात बाईंबरोबर एक मांजर होती, पांढरी, वयस्कर, फार गंभीर. तिचं नाव मॉनिटर. दिवसभर ती पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेने बघायची की आपण काहीतरी विसरून आलोय असं वाटावं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की धुराड्याची काजळी सगळ्या गावावर उतरायची आणि मॉनिटर करडी व्हायची. बाई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने तिला पुसून पुन्हा पांढरी करत. पुसताना तिच्याशी बोलत. माणसांशी बोलायचा आवाज वेगळा, हा वेगळा. तो आवाज मी जिन्यात थांबून ऐकायची.

शेजारी गादीवाल्या भाईंचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं मशीन आणि ढीगभर गाद्या. भाई थोराड, पांढरी दाढी, सावकाश बोलणारे. त्यांच्याकडे एक बोका होता. दिवसभर गाद्यांवर लोळणारा, उरलेलं खाऊन गरगरीत झालेला. त्याला ते पैलवान म्हणत. या पैलवानाने बाईंच्या ओट्यावरचं दूध कितीदा सांडलं, याला गणती नव्हती. बाई भिंतीपाशी जाऊन शिट्टी मारायच्या. पैलवान कान हलवून त्यांच्याकडे बघायचा आणि दुसऱ्या कुशीवर वळायचा.

"भाई, तुमच्या बोक्याला शिस्त नाही."

"बाई, शिस्त असती तर तो बोका कशाला झाला असता?"

बोलणं एवढंच. दोघंही अदबीने बोलायचे आणि दोघंही एकमेकांच्या घरची पायरी चढत नव्हते. बाईंचं म्हणणं, भाईंच्या मशीनचा कापूस मॉनिटरच्या नाकात जातो. भाईंचं म्हणणं, बाईंच्या शिट्टीने त्यांची मापं चुकतात.

त्या हिवाळ्यात मॉनिटर भिंत चाटायला लागली.

आधी मला गंमत वाटली. पायरीजवळच्या चुन्याच्या भिंतीला ती जीभ लावायची, मग तुळशीच्या कुंडीत तोंड घालायची. बाईंनी तिला माती खाताना पकडलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे, काळजी होतीच, पण त्याहून जास्त ओळख पटल्याचा आनंद होता.

"माती खातेय! माती कोण खातं? ज्याला रक्त कमी पडतं ते! शाळेत खडू खाणाऱ्या पोरी मी ओठांवरून पकडल्यात." त्यांनी मॉनिटरला मांडीवर घेऊन पापणी ओढली. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या. गुलाबी असायला हव्या होत्या त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. "आणि माझ्याच घरात," बाई म्हणाल्या. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

मग उपचार सुरू झाले. बिटाचा रस, गुळाचं पाणी, शेवटी लहान मुलांचं लोहाचं टॉनिक. मॉनिटरने बीट हुंगलं, बाईंकडे बघितलं आणि कॉटखाली निघून गेली. टॉनिकचे चार थेंब कसेबसे तोंडात गेले, बाकी तिच्या हनुवटीवर वाळले, तेव्हा पान खाल्लेल्या म्हातारीसारखी ती दिसायला लागली. पण जेवण कमी झालं, अंगातली हाडं हाताला लागायला लागली, आणि ती सारखी उन्हाचा कवडसा शोधत बसायची. पाणी मात्र खूप प्यायची. बाईंना त्याचं कौतुक. "पाणी बघ कसं पिते! ही सवय मुलींना लावता लावता मी म्हातारी झाले."

शेवटी मीच म्हटलं, डॉक्टरांना दाखवू.

गावातले जनावरांचे डॉक्टर तरुण होते, गमबूट घालून कुठल्याशा गोठ्यातून नुकतेच आलेले. बाईंनी आत शिरल्याशिरल्या आधी त्यांचीच पापणी ओढली. "तुमचंच बेताचं आहे. माझ्या मांजरीचं काय तपासणार?" डॉक्टर बिचारे हसले. त्यांनी मॉनिटरचं रक्त घेतलं, पोट चाचपलं, आणि टॉनिकचं ऐकून म्हणाले, "बाई, माणसाचं औषध मांजराला परत देऊ नका. सहन होत नाही त्यांना."

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी आधी बाईंना बसायला सांगितलं.

"रक्त फार कमी झालंय. पण कारण खाण्यात नाही. हिची मूत्रपिंडं बरेच दिवस खराब होत आलीत. म्हणून एवढं पाणी पीत होती."

बाईंना हे पटेना. "मूत्रपिंडाचा रक्ताशी काय संबंध? ते लघवीचं खातं."

"तेवढंच नाही ना. रक्त तयार होतं हाडांच्या आत. पण तयार करा, असा निरोप मूत्रपिंडाकडून जावा लागतो. ते आजारी पडलं की निरोप जात नाही. हाडं धडधाकट असतात, पण नुसती बसून राहतात. मग तुम्ही बीट द्या नाहीतर गूळ द्या."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मुली मैदानावर रांगेत उभ्या आहेत, आणि शिट्टीच वाजत नाही."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "ती शिट्टी सुईतून देता येते. पण तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि हिच्याकडे तेवढा वेळ नाही. आधी रक्त चढवावं लागेल. नाशिकला सोय आहे. रक्त देणारं मांजर मात्र तुम्हालाच न्यावं लागेल. मोठं, तरुण, निरोगी."

परतताना घराजवळ आल्यावर बाई आपल्या फाटकाशी थांबल्या नाहीत. मॉनिटरची टोपली माझ्या हातात देऊन सरळ भाईंच्या शेडमध्ये शिरल्या. मी मागोमाग. भाई गादी शिवत होते. पैलवान पलीकडे आडवा.

बाई कडक उभ्या राहिल्या. "भाई, तुमच्या बोक्याचं रक्त हवंय मला."

भाईंच्या हातातला दाभण तसाच राहिला. "बाई, लई सांडलं का दूध? मी भरून देतो. पर त्या मुक्या जिवावर नका उठू."

"मारायचं नाहीये हो त्याला!" बाईंचा आवाज फुटला. तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "मॉनिटर मरतेय माझी. तिला रक्त द्यायचंय."

भाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पैलवानाकडे बघून म्हणाले, "ऊठ रे. आयुष्यात पयल्यांदा तुझं काम निघालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाईंच्या टेम्पोतून नाशिकला निघालो. पुढे भाई आणि बाई, बाईंच्या मांडीवर टोपलीत मॉनिटर. मागे गाद्यांवर मी आणि सुतळीने बांधलेल्या भाजीच्या क्रेटमध्ये पैलवान. येवल्यापासून त्याने असा काही सूर लावला की विंचूरजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलो तेव्हा दोन ट्रॅक्टरवाले खाली उतरून आत काय आहे बघून गेले. बाईंनी पुढून शिट्टी वाजवली. काही उपयोग झाला नाही. मग भाईंनी केबिनच्या मागच्या खिडकीतून हात घालून नुसतं "बस, बेटा, बस" म्हटलं आणि तो गप्प झाला. निफाड गेल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकतो की."

"ऐकतो. पर मी त्याला सांगतच न्हाई काई," भाई म्हणाले.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी पैलवानाच्या तपासण्या केल्या, मग दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून बघितले. मांजरांमध्येही रक्ताचे गट असतात आणि चुकीचं चढवलं तर जिवावर बेततं, हे मला तिथे कळलं. तेवढा वेळ बाई कॅनव्हासचे बूट जुळवून, पाठ ताठ ठेवून बाकावर बसल्या होत्या. भाई डोळे मिटून पुटपुटत होते. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन "जुळतंय" म्हणाल्या तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

पैलवानाला गुंगी दिली, मानेचे केस काढले आणि रक्त घेतलं. शुद्धीवर आल्यावर तो अर्धा सोललेला, डोळे अर्धवट मिटलेला असा बसला होता. भाईंना ते बघवेना. "सगळी इज्जत गेली लेकराची," म्हणाले. बाईंनी आपल्या साडीचा पदर काढून त्याच्या मानेभोवती धरला. पंखा लागत होता म्हणून, असं त्यांनी मला नंतर स्पष्टीकरण दिलं.

मॉनिटरला रक्त थेंबाथेंबाने जात राहिलं. दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ वर केला. हिरड्यांवर अगदी फिकट गुलाबी रंग आला होता. मॉनिटर डोकं उचलून इकडेतिकडे बघायला लागली, तिला समोर पैलवान दिसला, आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद गोळा करून ती त्याच्यावर फिस्कारली.

"बघा," भाई म्हणाले, "रक्त त्याचं आन् राग बी त्याच्यावरच."

बाई हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं. मूत्रपिंड काही परत नवं होणार नाही. आठवड्याला एक सुई, लोहाचं इंजेक्शन, वेगळं खाणं, अधूनमधून तपासणी. दिवस मिळतील, आणि ते बरे जातील एवढं बघायचं. बाईंनी मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

अडचण आली ती सुईची. गावातल्या डॉक्टरांनी ती घरी द्यायला शिकवली. मॉनिटरच्या मानेची कातडी चिमटीत धरून तिथे टोचायचं, अवघड काही नव्हतं. पण जन्मभर मुलींना दोरीवर चढवणाऱ्या, मोडलेला हात जागच्या जागी बांधणाऱ्या बाईंना ती सुई टोचवेना. माझं तर विचारूच नका. तेव्हा भिंतीपलीकडून भाईंची सून रुबीना म्हणाली, "मी देऊ का? अब्बांना शुगरची सुई रोज मीच देते."

ती आली, तिने मॉनिटरच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मॉनिटरला कळायच्या आत सुई बाहेर. तेव्हापासून दर रविवारी सकाळी रुबीना यायची. पाठोपाठ भाईही यायला लागले, मांजर धरायला म्हणून. मग चहा व्हायचा. बाईंनी भाईंना लाडू दिला, तेव्हा रुबीनाने हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. शुगर होती ना.

याच दिवसांत एकदा बाई मला म्हणाल्या, "स्कूटर काढ. कुंदाकडे जायचंय."

कुंदा कोण ते मला वाटेत कळलं. नदीपलीकडच्या वस्तीवरून शाळेत यायची. कवायतीत सारखी चक्कर येऊन पडायची. बाईंना वाटायचं, खात नाही, नखरे करते. तिला त्यांनी लाडू चारले, रागावल्या, आणि एकदा सगळ्या वर्गासमोर मैदानाला चकरा मारायला लावल्या. "ते डॉक्टर निरोपाचं बोलले ना," मागे बसलेल्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तेव्हापासून ती डोळ्यांसमोर येते. खाण्याचा दोषच नसेल तर? मी कधी विचारलंच नाही गं तिला. पापणी बघितली, निकाल दिला."

कुंदा आता पिठाची गिरणी चालवते. बाईंना बघून ती जागच्या जागी ताठ उभी राहिली, भुवयांवर पीठ. बाईंनी गिरणी बंद करायला लावली आणि बक्षीस समारंभात बोलावं तसं, हात मागे बांधून, तिची माफी मागितली.

कुंदा आधी गोंधळली. मग तिला हसू आवरेना. "बाई, तुमी उगा जिवाला लावून घेतलं. खरं सांगू का? तुमी लाडू द्यायच्या ना, त्यो मी एक बी खाल्ला न्हाई. अळिवाचा वासच सोसायचा न्हाई मला. दप्तरातनं घरी न्यायचे आन् शेळीला घालायचे."

"शेळीला?"

"व्हय."

"मग शेळी?" बाईंनी विचारलं.

"लई गुबगुबीत झाली हुती, बाई."

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. हसत असाव्यात असं मला वाटलं, पण वाकून बसल्या होत्या म्हणून कळेना. कुंदा त्यांच्याजवळ खाली बसली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "पर लाडू खाल्ले असते तरी फरक न्हवता पडनार. बाळंतपनाला दवाखान्यात गेल्ते तवा कळलं, माझं रक्तच असं कमी. आईचं बी तसंच. जन्माचं हाय ते. चकरा मारल्या त्या दिवशी मातर लई वाईट वाटलं हुतं बाई. तुमी एवढ्या लांब आलात, आता न्हाई वाटत."

बाईंनी बराच वेळ तिचा पीठ लागलेला हात धरून ठेवला. निघताना अंगठा उचलला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "बघू का गं?"

कुंदाने स्वतःच पापणी खाली ओढून दाखवली.

मॉनिटर हंगाम संपेपर्यंत जगली. धुराडी बंद झाली, काजळी पडायची थांबली, आणि न पुसताही ती पांढरी राहायला लागली, तेव्हा तिचं खाणं पुन्हा सुटलं. बाईंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी बघितलं, आणि आता तिला ओढाताण नको म्हणाले. बाईंनी विचारलं, "दुखतंय का तिला?" डॉक्टर म्हणाले, "आता नाही दुखू देणार." भाईंनी तिच्यासाठी नव्या कापसाची छोटी गादी शिवून आणली होती. त्या गादीवरच, भर दुपारी, बाईंचा हात पोटाखाली असताना ती गेली.

मागच्या शेवग्याखाली भाईंनी खड्डा खणला. दुसऱ्या कुणाला खोऱ्याला हात लावू दिला नाही, रुबीना शुगरवरून ओरडत असतानाही. बाईंनी माती लोटली, तळव्याने सारखी केली आणि उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, त्या काही बोलतील. त्यांनी खणखणीत आवाजात एवढंच म्हटलं, "विश्राम." मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फाटक वाजलं. मी वरून बघितलं तर भाई आणि रुबीना. दोघं पायरीशी अवघडून उभे होते.

"बाई, काम काई न्हाई," भाई म्हणाले. "सवय झाली. पाय हिकडंच वळले."

बाईंनी दोघांना आत घेतलं, मलाही खाली बोलावलं. चहा झाला. मांजर नव्हती, सुई नव्हती, त्यामुळे कुणालाच काही सुचेना. भाईंनी उन्हाचा विषय काढला, तो लगेच संपला. मग बाईंनी कप खाली ठेवला आणि रुबीनाकडे बघितलं.

"तुझी बारावी झालीय ना गं? सायन्स?"

रुबीना हो म्हणाली.

"हात इतका हलका आहे तुझा. नर्सिंगला का नाही गेलीस?"

रुबीनाने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे कपात बघायला लागले.

"भाई," बाई म्हणाल्या, "कपात काय बघताय? मी तुम्हाला विचारतेय."

भाईंनी कप ओठाला लावला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.